अजून शोधतोय

साखर पेठेतल्या पतसंस्थेत
पहिला महिना पडद्यावर नुसतं चक्र ठेवलं होतं मी.
गिरगिरत राहायचं.
चिलका मॅडमना वाटलं, अडकलं.
त्यांनी बटण दाबलं. परत दाबलं.
नरसम्मा बोमड्यालच्या खात्यावर
एकाच दुपारी तीनदा व्याज पडलं,
आणि जास्तीचं काढून घेताना
मला उभं केलं तिच्यासमोर.

विडीवाली. पंचवीसची जुडी न बघता बांधते.
पैसे का गेले, हे विचारलंच नाही तिनं.
म्हणाली, "आत काय करालीय तुझी मिशिन
इतका वेळ?"

काय सांगणार?
की चौतीस वर्षांच्या नोंदी एकाच तक्त्यात,
सूची कुणी लावलीच नाही,
कुठे बोमड्याल, कुठे बोम्मड्याल,
आणि बेचाळीस अंशांत तो म्हातारा सर्व्हर
दरवेळी पहिल्या ओळीपासून
वाचत वाचत खाली येतो?
म्हटलं, "शोधते."
"सांगावं की मग तसं."

आमच्या घराखाली चार यंत्रमाग होते.
खडखडाटात गाढ झोपायचो सगळे.
माग थांबला की जाग यायची.
नाना अंधारातच उठून बसायचे:
काय तुटलं?

'प्रक्रिया सुरू आहे, कृपया प्रतीक्षा करावी.'
खोडलं. कचेरीतल्या पाटीसारखं वाटलं.
'दोन मिनिटांत होईल.'
खोडलं. होत नाही.
टक्क्यांची पट्टी लावून पाहिली,
ती नव्याण्णववर जाऊन बसली
जावयासारखी. उठेचना.
शेवटी जे खरं होतं तेवढंच लिहिलं:
अजून शोधतोय. सध्या १९९१ ची पानं.

नरसम्माला वाचता येत नाही.
मॅडम मोठ्यानं वाचायच्या, अर्धं तेलुगूत.
ब्याण्णव.
"माझं लग्न," नरसम्मा म्हणाली.
त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. काही नाही.
अठ्ठ्याण्णवला
"मालकाचं काम सुटलं"
आणि मागच्या रांगेतून कुणीतरी, "आमच्याबी."
दोन हजार चारला एक पोरगी हसली,
तिचा जन्म.
पंख्याखाली सगळी रांग
सालांची वाट बघत उभी,
आणि बटणाला कुणी हात लावला नाही.

गेल्या महिन्यात मी सूची लावली.
लावायलाच हवी होती, लेखापरीक्षक ओरडले होते.
आता अर्ध्या सेकंदात उत्तर.
माझी ओळ उमटते
आणि मॅडमनी चष्मा सारखा करायच्या आत
पुसली जाते.

काल नरसम्मा आली.
"अयिपोयिंदा?" तिनं विचारलं.
झालं, मॅडम म्हणाल्या, शिक्का मारला.
पासबुक पिशवीत घालून
ती तिथंच उभी, पडद्याच्या पाठीकडे बघत.
"आज काय बोलली नाही व्हय?"

पुढं या, मॅडम म्हणाल्या,
पुढचे कोण?