लाइनमन

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
घेवड्याचे दोन दाणे काढले.
"या तुमच्या किडन्या, भंगाळेकाका.
धमनीभोवती या बारीक नसा,
रात्रंदिवस मेंदूला काहीबाही कळवत असतात.
मेंदू घाबरतो. यकृत साखर सोडतं."

सावद्याच्या एक्सचेंजला एकतीस वर्षं काढली मी.
खांबावर चढून, रिसीव्हर कानाला लावून
ओळखायचो, कुठली लाइन उगाच बडबडतेय.

"मांडीतून नळी नेऊन
आतूनच चटका द्यायचा नसांना."
"मग साखर उतरेल?"
"रक्तदाब उतरतो बऱ्याच जणांचा.
साखरेचं अजून नक्की सांगता येत नाही."

हे बाई बरं बोलल्या.
नक्की सांगणाऱ्यांनी मला
कारल्यापासून जांभळाच्या बियांपर्यंत
सगळं पाजून झालंय.

एकदा फैजपूर रोडला
चुकीची जोडी कापली होती मी.
चार दिवस एका घरात फोन वाजला नाही,
आणि त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं पुण्यात.

बसमध्ये कोकिळा म्हणाली, "काय ठरोलं मंग?"
खिडकीबाहेर केळीच केळी,
मला वर्ज्य.
"पाहू," म्हटलं,
आणि कमरेवर हात ठेवून बसलो,
खांबाला कान लावायचो तसा,
ऐकू येतं का काही.