दोन घरचा पाहुणा

सकाळी आठला मी कवडीटोल्यात घरोघर शिरतो,
ओठांत रबरी नळी, तिच्या टोकाला काच.
दोरीवरची लुगडी हळूच सरकवतो
आणि अंधारात बसलेली डासाची मादी
एका श्वासात आत ओढतो.
हुद्दा: कीटक समाहारक.
गावाच्या तोंडी: डासमास्तर.

फुलवंताबाई बिसेन दारातून विचारतात,
"मारायचे सोडून पकडून नेता जी,
पोसता का त्यायले?"

त्यांचा कुलर मे महिन्यापासून खिडकीतच आहे.
पंखा बंद, गवताची ताटी काळी पडलेली,
तळाशी चार बोटं पाणी.
पाण्यात स्वल्पविराम वळवळतात.
वाक्य अजून चालू आहे.

जिल्ह्याच्या मॅडमनी एकदा समजावलं होतं,
विषाणू म्हणजे अकरा-बारा हजार अक्षरांची चिठ्ठी.
स्वतःची नक्कल करतो, घाईघाईत,
आणि लिहिलेलं पुन्हा वाचत नाही.
मला आमच्या घरचे कागद आठवले.
आजोबांच्या सातबाऱ्यावर राहांगडाले,
बापाच्या दाखल्यावर रहांगडाले,
माझ्या सेवापुस्तकात राहंगडाले,
पोरीच्या आधारवर नुसतंच रहांगडले.
चौघांची चूल एकच होती.

बहुतेक चुका लिहिताक्षणीच मरतात, मॅडम म्हणाल्या.
उरलेल्यांपुढे डासाच्या पोटाची भिंत.
लाखांनी आत जातात, पलीकडे निघतात मोजके.
मी म्हटलं, म्हणजे वैनगंगेवर वरात अडली,
आख्खा गाव काठावर, नवे कपडे घालून,
आणि डोंग्यात जागा सहा जणांची.
चढले ते शहाणे होते असं नाही,
डोंगा लागला तिथे उभे होते, इतकंच.
पण पलीकडे जे गाव वसतं
ते त्या सहांच्या नाकाडोळ्यांचं.
मॅडम हसल्या. मग वहीत लिहून घेतलं.

डासाचं घर थंड.
माणसाचं घर तापतं, अंगावर धावून येतं.
एका घरात शिकावं ते दुसऱ्यात नडतं,
म्हणून फार बदलायचीही सोय नाही.
दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आहे.
हा उपाशी राहिला नाही.
दोन्हीकडे बेताचंच शिकला
आणि दोन्ही पानांवर जेवला.

बारा कोसांवर बोली बदलते.
याला बारा कोस लागत नाहीत,
एक दंश पुरतो.
कुठेतरी एकदा एकच अक्षर बदललं
आणि दुसऱ्या जातीच्या डासानंही त्याला ओसरी दिली.
एक अक्षर.
आमच्या शाळेत त्याला अर्धा मार्क कापायचे.

यंदा रोवण्याला फुलवंताबाई बांधीत उतरल्या नाहीत.
ताप चार दिवसांत गेला,
बोटं मात्र अजून मिटत नाहीत.
पऱ्ह्यांची पेंडी धरता येत नाही,
पोळी तोडायला सून लागते.
"पहिले आला होता तवा
आठ दिवसांत उठली होती जी मी," म्हणतात.
"हा तोच व्हय का?"

तोच आहे. तो नाहीही.
तेव्हाचा मी नाही का, डोक्यावर केस असलेला?
असं काही बोललो नाही.
त्यांच्या रक्ताची नळी पुण्याला गेली आहे.
मागच्या साली गेलेल्या नळीचं उत्तर आलं होतं,
कागदावर झाडासारखं चित्र,
फांद्यांना फांद्या,
एका बारीक काडीच्या टोकाला आमचं गाव.
कवठीटोला असं छापलेलं.
दुरुस्तीचा अर्ज केला, पोच मिळाली.
जगात जिथे जिथे ते झाड जाईल
तिथे आम्ही कवठीटोल्याचे.

दोघांनी धरून कुलर उलटवला.
खरं तर मीच उलटवला, त्यांनी मनगटं टेकवली.
ओल्या मातीवर स्वल्पविराम थोडा वेळ तडफडले,
कोंबडी आली.

नळीत एक मादी, पायांवर पांढरे पट्टे,
पोट लाल, टम्म.
कुणाचं रक्त? त्यांचं? सुनेचं?
मघा माझाही घोटा खाजला होता.
लेबलवर एकाच नावाची जागा असते.
मी गावाचं नाव लिहिलं, सावकाश,
अक्षर अक्षर लावून.
हात जरा हलला.