वारस तक्ता

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला पाठ लावून
कडुलिंबाखाली माझं टेबल.
अठ्ठावीस वर्षं झाली, लोकांच्या वंशावळी टंकतो.
मूळ पुरुष वर, मधोमध. खाली रेघ.
रेघेला फांद्या, फांदीच्या टोकाशी कंसात: मयत.
मे महिन्यात इथे यंत्राची फीत वाळते,
रांग वाळत नाही.

दीड ते अडीच साहेब जेवतात.
तेव्हा मी बर्डीच्या फुटपाथवरून आणलेलं
मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक काढतो, मिसरच्या राजांचं.
एका दुपारी करमेना,
म्हणून उरलेल्या हिरव्या कागदावर
त्यांचाही तक्ता करायला घेतला.
मौजा थीबी, तालुका नाईल.

मूळ पुरुष थुटमोस पहिला, मयत.
पट्टराणीपासून मुलगी हत्शेप्सुत,
दुसरीपासून मुलगा, थुटमोस दुसरा, तोही मयत.
या दोघांचं लग्न एकमेकांशीच.
इथे माझी रेघ वळली आणि स्वतःलाच येऊन मिळाली.
सरकारी नमुन्यात अशा रेघेला जागा नाही.
दुसऱ्याला इसेतपासून मुलगा, थुटमोस तिसरा:
अज्ञान, पालनकर्ती सावत्र आई,
जी आत्याही लागायची.
पुढे पालनकर्तीनंच सातबारा स्वतःच्या नावे केला,
खोटी दाढी लावली,
आणि वीस-बावीस वर्षं देश नीट चालवला.

रामसेस दुसऱ्यापाशी कागद संपला.
शंभराच्या आसपास पोरं.
थोरले बारा वाट बघता बघता गेले,
फेरफार झाला तेराव्याच्या नावे,
आणि तोवर तोही म्हातारा.
मला इतवारीतले बांते बंधू आठवले,
बापाच्या किराण्यासाठी केस पिकवून बसलेले.
एकटाच हसलो.

त्याच दुपारी तिघे सोनकुसरे आले.
मूळ पुरुष झिबल, मयत. मुलगे तीन.
बहीण?
नाही जी.
धाकट्यानं चपलेनं माती उकरली.
मी ठोकलं: यांखेरीज अन्य कोणीही वारस नाही.
हे वाक्य माझ्या बोटांना पाठ आहे,
डोळे लागत नाहीत.

आठ दिवसांनी एक बाई आली, कौतिका नावाची.
झेरॉक्स टेबलावर पसरली,
वर माझाच पेपरवेट ठेवला.
माहं नाव कावून नाही जी यात?
आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं,
जसं कोणी बस कधीची म्हणून विचारतं.

हत्शेप्सुतचंही नाव छिन्नीनं काढलं होतं,
ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी.
पुढच्या राजांनी पूर्वजांची यादी दगडात कोरली,
तीत ती नाही.
पण कारागीर घाईत असावेत, नाहीतर कंटाळलेले.
नाव खरवडलं, आणि ओळीतली स्त्रीलिंगी रूपं
तशीच राहून गेली.
राजा पुसला, 'ती' उरली.

मी झेरॉक्स उचलली. पहिल्यांदाच वाचली, मीच टंकलेली.
परिच्छेद चार:
'वडील वारल्यानंतर बिड्या वळून घर चालवत होती.'
कोण?
थोरला सांगता सांगता थांबला होता,
धाकट्यानं त्याचा दंड दाबला होता,
आणि मी ऐकलं तेवढं ठोकत गेलो होतो.
कर्ता नव्हता.
क्रियापद मात्र होतं, ईकारान्त, स्वच्छ.

बोट ठेवून तिला दाखवलं.
तिला वाचता येत नव्हतं.
तरी त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली.

नवा कागद चढवला. वय?
लहान्या तीन वर्साचा होता तवा मी चवदाची.
अमुक राजाचं तिसरं वर्ष, तसंच हे.
तेही काळ असाच मोजत.
हिशेब करून आकडा घातला.

मग झिबलखाली चौथी रेघ ओढली. चौथी कशाला,
पहिलीच, सगळ्यांच्या डावीकडे.
माझ्या यंत्राचा 'क' अडकतो.
दोनदा ठोकला.