सामाईक भिंत

तुर्भ्याच्या नर्सरीत नाव विचारलं, तर पोरगा म्हणाला,
फायकसच आहे ताई, पण चढणारा.
चाळीस रुपये. काळ्या पिशवीत पाच-सहा पानं,
करंगळीच्या नखाएवढी.

तांडेलांनी न विचारता
मधली भिंत दोन फूट उंच केली, त्या वर्षीची गोष्ट.
गिलावा केला तो त्यांच्याच अंगाला.
कोपरखैरण्याची अख्खी दुपार
माझ्याकडच्या नागड्या विटांवर तापायची.

वर्षभर ती काही करीना.
मग एका सकाळी वीतभर वर,
कुणी विटेला वीट जोडत हिरवी टीप घालत गेल्यासारखी.
सुतळी नको, खिळा नको.
पोटाशी बारीक पाय.
एकदा ओढून पाहिली. पानं हातात आली,
पाय भिंतीवरच राहिले.
अजून आहेत, तपकिरी; घासूनही जात नाहीत.

चौथ्या उन्हाळ्यात एक वीट दिसेना.
गटाराच्या झाकणावरून, गाडी लावण्यावरून
जे बोलून झालं होतं तेही झाकलं गेलं,
असं मी म्हणणार नाही.
पाली मात्र झाल्या. आणि ओल.

परवा बेल वाजली. दारात चांगुणा तांडेल,
ओंजळीत हिरवी फळं, भोवऱ्यासारखी.
"तुमचीच ना? आमच्या अंगाला लागलीत.
खातात का?"
मला माहीत नव्हतं.

बारा वर्षांत पहिल्यांदा
त्यांच्या अंगणातून मी माझी वेल पाहिली.
भिंत संपली, धरायला काही उरलं नाही,
तिथून तिनं पाय फोडणंच सोडलं होतं.
जाड फांद्या सरळ हवेत, पानं तळहाताएवढी,
चामड्यासारखी. ओळख दाखवीना.
आणि माझ्याकडे अजून तीच, नखाएवढी,
भिंतीला गाल लावून.

चांगुणाताईंनी विळीवर एक चिरलं.
पांढरा चीक, आत दाटीवाटीनं गुलाबी तंतू.
"हे काय, उंबराचं फूल?"
"त्याच्यातलंच काहीतरी."
फळाच्या टोकाला सुईएवढं भोक,
कुणासाठी तरी उघडं ठेवलेलं.

दोघींची बोटं चिकट झाली.
रॉकेल लावा, त्या म्हणाल्या, मग आठवून हसल्या,
आता कुठलं रॉकेल. खोबरेल आणलं.

निघताना म्हटलं, फार होत असेल तर छाटते.
पण ती बाजू माझ्याकडून पोचत नाही.
त्यांनी वर पाहिलं, जरा वेळ.
"शिडी आहे आमच्याकडे," म्हणाल्या,
आणि छाटा म्हणाल्या नाहीत.