दोन बोटं माया

मी काजं करायचे. एवढंच.
कुझनेत्स्की मोस्तच्या मागल्या अंगणातलं तळघर,
सत्तेचाळीसचा फेब्रुवारी,
परराष्ट्र मंत्रालयाचे करडे गणवेश,
एका अंगावर सहा काजं.
लढाईत कधीतरी फर्मान निघालं होतं
की राजदूतांनाही हुद्द्याच्या पट्ट्या हव्यात.
सोनेरी जर यायची ग्रॅमवर मोजून,
पाव यायचा कार्डावर. तोही ओला, म्हणजे वजनाला जड.

वेरेतेन्निकोव यायचे पहाटे तीनला.
तेव्हा अख्खं मंत्रालय जागं असायचं,
कारण लाल भिंतीमागे एक खिडकी जागी असायची
आणि ती विझल्याशिवाय
शहरातल्या काही उशा गारच राहायच्या.

लिपकिन मास्तर तोंडात टाचण्या धरून माप घ्यायचे.
टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही,
हे मला त्यांनीच शिकवलं.
त्या रात्री मात्र टाचण्या काढून म्हणाले,
"हात वर करून दाखवा."
वेरेतेन्निकोवांनी केला. सावकाश, तळवा पुढे.
"तिथे असाच करता?"
"असाच. 'नाही' म्हणताना."
"पुष्कळदा म्हणावं लागतं?"
"मी मोजत नाही. मोजणारे मागे बसलेले असतात."

मास्तरांनी काखेतली खडूची रेघ खाली ओढली.
हात उठला तरी कोट उठता कामा नये;
नकार देताना सदरा दिसला
तर माणूस उघडा पडतो.

जाताना ते म्हणाले, "आतला खिसा नको."
"चष्मा कुठे ठेवाल, कॉम्रेड?"
"खिसा असला की त्यात काहीतरी सापडतं."
स्टोव्ह तडतडला.
मी काजाकडे बघत राहिले.

मार्चात पाहुणे आले. चार झेंडे लागले.
गोर्की रस्त्यावरच्या काचांमागे हॅम लटकलं,
खरं की लाकडाचं, बघायला कुणी थांबलं नाही.
जर्मनीचं काय करायचं, कोळसा कुणाचा,
ते वर चाललं होतं.
खाली कोट तयार होता.
अंग यायचं होतं.

एप्रिल गेला. पाहुणे गेले, हॅमही गेलं.
जूनमध्ये चिठ्ठी आली, सही न लागणारी:
जर उसवून परत करावी, ग्रॅम बरोबर भरावेत.
मास्तर चष्मा न लावताच बसून राहिले.
उसवलं मी.
अकरा ग्रॅम. आले तसेच गेले.
खिसा नव्हता, मला माहीत होतं,
तरी हात घालून पाहिलं.

मग बाजूच्या शिवणी उघडल्या,
आणि आत दुमडलेली, इस्त्रीनं बसवलेली
दोन्हीकडे दोन दोन बोटं माया.
त्या वर्षी!
अर्धं बोट सोडलं तरी जबाब द्यावा लागायचा तेव्हा.
माप घेताना त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या,
आणि हा म्हातारा, तोंडात टाचण्या धरून,
मनाशी ठरवून बसला होता
की हा माणूस कधीतरी पोटभर जेवेल,
रात्री झोपेल, अंगानं सुटेल,
आणि कोट ढिला करून घ्यायला
ह्याच पायऱ्या उतरून येईल.

मी हिशेब लिहिला. करडं कापड, अस्तर, बटणं सहा.
मायेला रकाना नव्हता.
त्या चार पट्ट्यांचं मी काय केलं, ते सांगत नाही.
मास्तरांनीही विचारलं नाही.
त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.