बोटं

मिरचीच्या हंगामात माय घरी आली की
आधी उंबऱ्यावरच बसते. हाताला तेल चोळते,
मग ताक, मग राख, पुन्हा तेल.
तरी रात्री तळवे घागरीला लावूनच झोपते.
दिवसभर देठ खुडलेली ती बोटं
हितेशच्या पोटाला लागली तर त्याची आग होते.
म्हणून सुई माझ्याकडे.
सातवीपासून.

नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात सिस्टरने
आधी मोसंबीत टोचून दाखवलं.
बा बाहेर जाऊन उभा राहिला,
ट्रकच्या फाळक्यात अंगठा चेचला तेव्हा
हसत घरी आलेला माणूस.
हितेशच म्हणाला, 'नई दुखत. टोच.'
खोटं बोलायला तो तिथेच शिकला.

औषधाची बाटली हंसाबेनच्या फ्रिजमध्ये असायची.
मग त्यांच्या सुनेला दिवस गेले
आणि त्या म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका.
मायने वाईट वाटून घेतलं नाही.
कुंभाराकडे गेली.
मोठ्या मडक्यात छोटं, मधे ओली वाळू,
चैतात पाणी दोनदा, वैशाखात चारदा.
घरात ज्याला तहान लागेल
त्यानं आधी वाळूला पाजायचं.

एक पट्टी म्हणजे मायची तीन किलो मिरची.
म्हणून बा कधी कधी पट्टी वाचवतो,
रात्री त्याचं कपाळ चाचपून
म्हणतो, बरा आहे.

पौषात बा गाडीबरोबर सुरतेला गेला होता.
तीनचा गजर माझ्या उशाशी वाजून थकला.
मी उठले ती मायच्या आवाजानं.
एवढ्या थंडीत त्याचा सदरा भिजलेला,
मान कुठेही पडत होती.
लाइट नाही, ग्लुकोजचा डबा सापडेना.
मायने गुळाचा खडा दातानं फोडला,
थुंकीत कालवला
आणि बोटानं त्याच्या गालात आतून चोळत राहिली.
चोळत राहिली.
मी आकडे मोजत होते, कशाचे माहीत नाही.

मग तो किंचाळला.
'माय, तिखं लागस!'
ओठ सुजले, नाक गळायला लागलं,
शिव्या दिल्या त्यानं, तिला, मला, गुळाला.
हंसाबेनकडची खिडकी उघडली.
माय हात पदरात लपवून म्हणत होती,
'रड रे भाऊ, आखो रड.'

सकाळी मी वहीत लिहिलं:
पहाटे ३.४०, गूळ, अंदाजे दोन चमचे.
मिरचीसाठी वहीत रकाना नाही.