कडा

माझं काम फक्त कडा पुसायचं.
व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं
दोन बोटांना गुंडाळायचं
आणि ताटली दिव्याखालून निघायच्या आधी
तिच्या काठावरून एक फेरी.
थेंब नको, ठसा नको,
इथे कुणाचा हात लागला होता
याचा पुरावाच नको.

ओयेर म्हणतो, रिकामी जागा हाही एक पदार्थ आहे,
गिऱ्हाइकाला तोच सगळ्यात महाग पडतो.
चिमट्याने पार्सलीचं एकेक पान ठेवतो तो,
श्वास धरून,
घड्याळ उघडून बसलेल्या माणसासारखा.
हेक माशाचा तुकडा सहावर,
हिरवा रस दोनवर,
चमच्याच्या पाठीने एकच ओढ.
दुसरी मारलीस, तर ते सारवासारव करणं झालं, म्हणतो.

त्या रात्री गेतारियाच्या बंदरात वारा होता.
डोलकाठ्यांवर दोर आपटत होते, आत भटारखान्यापर्यंत ऐकू येत होते.
चार नंबरच्या टेबलावर प्राश्कू,
पंचाहत्तरी म्हणून मुलीने आणलेला.
कोट नवा, अजून अंगाची ओळख न झालेला.
चाळीस वर्षं ज्या माशामागे हिंडला
तोच समोर, काडेपेटीएवढा,
पांढऱ्याशुभ्र चिनीमातीत एकटा.

मला वाटलं, हसेल.
हसला नाही.
ताटलीकडे बघत राहिला थोडा वेळ,
मग ती अर्धी फिरवली.

खिडकीतून ओयेरने पाहिलं.
"उलटी केली," एवढंच म्हणाला,
आणि चिमटा पुसू लागला, पुसलेलाच.

रिकाम्या ग्लासांबरोबर गरासी बातमी घेऊन आली:
उजव्या हाताची तीन बोटं नाहीत.
जाळं ओढायच्या रहाटात गेली,
ही मुलगी जन्मायच्या आधीच.
डाव्या हाताने जेवतो.

कुणी काही बोललं नाही.
कढईतलं तेल तेवढं बोलत होतं.
सहा वर्षं मी काठ पुसतेय,
एवढ्या गोल वस्तूला
उजवी बाजू असते
हे मला दिसलं नव्हतं.
हाताचा मागमूस नसलेल्या ताटल्या पाठवत होतो आम्ही,
आणि त्या सगळ्याच्या सगळ्या
उजव्या हाताच्या होत्या.

पुढचा पदार्थ कोकोचा,
हेकच्या गळ्याखालचा लुसलुशीत तुकडा.
ओयेरने रस ओढला, हाताच्या सवयीने, दोनवर.
मी फडकं फिरवलं,
फडक्याबरोबर ताटलीही.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
ताटली बाजूला सरकवली.
आता ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली.
त्याने नवी घेतली,
चमचा डाव्या हातात धरला
आणि दहावर ओढ मारली.
थरथरली. मधेच वाकली,
पहिली बाराखडी गिरवणाऱ्या पोराच्या काना-मात्रेसारखी.
दुसरी ओढ त्याने मारली नाही.
"पाठव," म्हणाला.

काठावर त्याच्या अंगठ्याचा डाग होता.
तो मी पुसला. पगार त्याचाच मिळतो मला.

ताटली परत आली तेव्हा
मधला सगळा भाग पावाने निपटून काढलेला,
रस कुठे होता ते सांगता येऊ नये इतका.
काठावर मात्र दोन ठसे, तेलकट, स्पष्ट:
एक अंगठा, एक बोट.
ताटली हलू नये म्हणून
उजव्या हाताने धरून ठेवलेली.

माझं फडकं खांद्यावरच राहिलं.
घासणारा बेन्यात म्हणाला, "देतेस ना?"
दिली.

एवढ्यात नवी चिठ्ठी लागली:
सात नंबर, कोकोचा, दोन.
ओयेरने चमचा उचलला, तसाच धरून ठेवला
आणि दाराकडे तोंड करून विचारलं,
"कुठल्या हाताने?"

गरासी बघून यायला पळाली.